चिकामाकॉमिको जीवरक्षक केंद्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एक ऐतिहासिक जीवरक्षक केंद्र व वस्तुसंग्रहालय. हे हॅटरस बेटावरील रोडँथी या खेड्यात आहे. किनाऱ्याजवळ वाळूत रुतलेल्या वा फुटलेल्या जहाजांवरील माणसांचे प्राण वाचविण्यासाठी १८७४ मध्ये ते स्थापन करण्यात आले आणि १९५४ पर्यंत कार्यरत होते. अमेरिकेत शिल्लक राहिलेल्या जुन्या जीवरक्षक केंद्रांपैकी ज्यांचा संपूर्ण परिसर इमारतींसह टिकून आहे, अशा मोजक्या केंद्रांत त्याची गणना होते. चिकामाकॉमिको हे नाव त्या भागातील मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषेतील असून त्याचा अर्थ ‘खचणारी वाळू’ असा सांगितला जातो.

भौगोलिक पार्श्वभूमी : उत्तर कॅरोलायनाच्या मुख्य भूमीपासून दूर, समुद्रात, वाळूच्या लांबट व अरुंद बेटांची एक साखळी पसरलेली आहे. तिला ‘आउटर बँक्स’ असे म्हणतात. तिची लांबी सु. ३२० किमी. आहे. बेटांच्या पश्चिमेस पॅम्लिको साउंड व इतर उथळ जलाशय असून पूर्वेस खुला महासागर आहे. या साखळीतील हॅटरस बेट काही ठिकाणी एक किमी.पेक्षाही कमी रुंद आहे. रोडँथी हे राज्यातील सर्वांत पूर्वेकडील ठिकाण होय.

दक्षिणेकडून येणारा उष्ण ⇨गल्फ प्रवाह आणि उत्तरेकडून येणारे लॅब्राडॉर प्रवाहाचे थंड पाणी हॅटरस भूशिराच्या परिसरात एकमेकांस भेटतात. भूशिरापुढे ‘डायमंड शोल’ नावाचे पाण्याखालील वाळूचे दांडे समुद्रात कित्येक किमी.पर्यंत गेलेले आहेत आणि त्यांची जागा व त्यांवरील पाण्याची खोली प्रत्येक मोठ्या वादळानंतर बदलते. उत्तरेकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना गल्फ प्रवाहाचे साहाय्य होत असे. दक्षिणेकडे जाणारी जहाजे मात्र हा विरोधी प्रवाह टाळण्यासाठी किनारा व प्रवाह यांमधील अरुंद पट्ट्यातून जात. अशा वेळी ईशान्येचा वादळी वारा सुटला, की जहाज किनाऱ्याकडे रेटले जाऊन वाळूच्या दांड्यावर चढे. या कारणांनी येथे शेकडो जहाजे नष्ट झाली व या समुद्रभागास ‘अटलांटिकचे कबरस्तान’ असे नाव पडले.

दांड्यावर चढलेले जहाज लगेच बुडत नसे. ते किनाऱ्यापासून पुष्कळदा दोनतीनशे मीटरांवरच रुतून राही व लाटांच्या माऱ्याने काही तासांत मोडून पडे. डोलकाठीला बिलगलेली माणसे किनाऱ्यावरून दिसत, त्यांच्या हाका कधीकधी ऐकूही येत. परंतु मधल्या फुटत्या लाटांतून पोहत येणे बहुधा कोणासही शक्य नसे. दुसरे जहाज मदतीस आणावे, तर तेही दांड्यावर चढण्याची भीती असे. मदत येणार ती किनाऱ्याकडूनच आणि तीही थोड्या तासांच्या आत. जीवरक्षक केंद्राची जागा, साधने, माणसे व दिनक्रम या सर्वांची योजना या एका गरजेतून झालेली आहे.

जीवरक्षक सेवेचा उदय : अमेरिकेत या कार्याचा प्रारंभ लोकांनी केला. १७८६ मध्ये स्थापन झालेल्या मॅसॅचूसेट्स ह्यूमेन सोसायटी या संस्थेने किनाऱ्यावर आसऱ्याच्या झोपड्या बांधल्या व पुढे जीवरक्षक नौका ठेवल्या. ब्रिटनमध्ये अशाच हेतूने १८२४ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

अमेरिकन शासनाचा सहभाग १८४८ मध्ये सुरू झाला. न्यू जर्सी राज्यातील विल्यम नेवेल या वैद्याने १८३९ मध्ये एका जहाजावरील तेरा माणसे किनाऱ्याजवळ बुडताना पाहिली होती. पुढे काँग्रेसचा सभासद झाल्यावर त्याने प्रयत्न करून न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर नौका, अग्निबाण व दोर फेकणाऱ्या तोफा ठेवण्यासाठी १०,००० डॉलर मंजूर करून घेतले. या साधनांची उपयुक्तता लवकरच सिद्ध झाली. जानेवारी १८५० मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘एअरशायर’ हे स्थलांतरितांचे जहाज हिमवादळात रुतले असता, त्यावरील २०२ माणसांपैकी २०१ माणसे दोरावरून ओढल्या जाणाऱ्या बंद धातूच्या नौकेतून, म्हणजे ‘लाइफ-कार’मधून, सुखरूप किनाऱ्यावर आणण्यात आली.

तथापि केंद्रे बांधली, तरी ती सांभाळण्यासाठी पगारी माणसे नव्हती. संकटाच्या वेळी आसपासचे लोक धावून येतील, अशी अपेक्षा होती. परिणामी नौका कुजल्या, दोर व दारू चोरीस गेली. एका गावी तर जीवरक्षक नौकेचा उपयोग चुना कालविण्यासाठी आणि कापलेली डुकरे उकळत्या पाण्यात बुडविण्यासाठी होऊ लागला. १८७१ मध्ये सम्नर इंक्रीझ किंबॉल हा संबंधित खात्याचा प्रमुख झाल्यानंतर ही स्थिती बदलली. त्याने केंद्रांची पाहणी करविली, अकार्यक्षम माणसे दूर केली, सहा-सहा नावाड्यांची पगारी पथके नेमली आणि लेखी नियम लागू केले. १८७४ मध्ये ही व्यवस्था उत्तर कॅरोलायनापर्यंत नेण्यात येऊन तेथे पहिली सात केंद्रे उभारण्यात आली. चिकामाकॉमिको हे त्यांपैकी एक होय.

ह्युरॉन व मेट्रोपोलिस : केंद्रे उभी राहिल्यावरही दोन मोठे अपघात घडले आणि त्यांनी सेवेचे स्वरूप कायमचे बदलले. खर्च वाचविण्यासाठी पथके फक्त डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांपुरती नेमली जात असत. २४ नोव्हेंबर १८७७ च्या पहाटे ‘ह्युरॉन’ ही अमेरिकन नौदलाची युद्धनौका नॅग्झ हेड येथे किनाऱ्यापासून सु. १८० मी. अंतरावर रुतली. काही किमी.वर असलेले जीवरक्षक केंद्र कुलूपबंद होते. ते उघडण्यास एक आठवडा अवकाश होता. जमलेल्या कोळ्यांकडे ना दोर, ना तोफ. नौकेवरील १३२ माणसांपैकी ९८ मृत्युमुखी पडली.

यानंतर दहा आठवड्यांच्या आत, ३१ जानेवारी १८७८ रोजी, ‘मेट्रोपोलिस’ ही आगबोट करिटक बीचजवळ फुटली. ब्राझीलमधील लोहमार्गाच्या कामासाठी निघालेले मजूर तीवर होते. या वेळी केंद्र उघडे होते व पथकही हजर होते. परंतु ते केंद्र लांब पडले, वर्दी उशिरा पोहोचली, साधनांची जड गाडी भुसभुशीत वाळूतून ओढण्यात वेळ गेला, जहाजापर्यंत पोहोचलेला दोर घासून तुटला आणि बरोबर आणलेली दारू अपुरी पडली. ८५ माणसे प्राणास मुकली.

पहिल्या अपघातात केंद्र होते. पण माणसे नव्हती. दुसऱ्यात माणसे होती. पण ती पुरेशी सज्ज नव्हती. या दोन्ही घटनांमुळे वृत्तपत्रांतून तीव्र टीका झाली. १८ जून १८७८ च्या कायद्यान्वये जीवरक्षक सेवा हे स्वतंत्र खाते करण्यात आले, कामाचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिलअखेर असा वाढविण्यात आला आणि केंद्रांची संख्या वाढवून त्यांमधील अंतर कमी करण्यात आले. किंबॉल या खात्याचा पहिला व एकमेव महाअधीक्षक ठरला. १९१५ मध्ये ही सेवा व महसूल-नौकादल यांच्या एकत्रीकरणातून अमेरिकन ⇨तटरक्षक दल निर्माण झाले, तोपर्यंत तो त्या पदावर होता. १८७१ ते १९१५ या काळात सेवेने २८,१२१ जहाजांच्या व १,७८,७४१ माणसांच्या बाबतीत मदतकार्य केले. त्यांपैकी १,४५५ माणसे दगावली.

पथक व दिनक्रम : प्रत्येक केंद्रावर एक केंद्रप्रमुख (कीपर) व सामान्यतः सहा नावाडी असत. या नावाड्यांना ‘सर्फमन’ म्हणत. ते बहुधा त्याच किनाऱ्यावरील कोळी असत व तेथील वाळू, वारा आणि लाटा यांची त्यांना लहानपणापासून ओळख असे. कौशल्यानुसार त्यांना क्रमांक दिले जात. पहिल्या क्रमांकाचा नावाडी सर्वांत निष्णात समजला जाई. नौका समुद्रात न्यावी, की किनाऱ्यावरून दोर फेकावा, याचा निर्णय केंद्रप्रमुख करी. नौकेत वल्हवणाऱ्यांची तोंडे किनाऱ्याकडे असत. येणारी लाट एकट्या सुकाणूवरील केंद्रप्रमुखालाच दिसे, म्हणून त्याच्या शब्दावर सर्वांचे प्राण अवलंबून असत.

दिवसा मनोऱ्यावरून समुद्रावर नजर ठेवली जाई. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत नावाडी पाळीपाळीने किनाऱ्यावर गस्त घालीत. दोन लगतच्या केंद्रांचे गस्तवाले मधल्या ठिकाणी भेटत आणि आपापले धातूचे बिल्ले एकमेकांस देत. परत आणलेला बिल्ला हा गस्त पुरी केल्याचा पुरावा मानला जाई. एखादे जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आलेले दिसल्यास गस्तवाला लाल प्रकाशाची ‘कॉस्टन’ चंद्रज्योत पेटवून त्यास सावध करी. अशा इशाऱ्यामुळे वेळीच दूर गेलेल्या जहाजांवर बचावकार्याचा प्रसंगच येत नसे.

आठवड्याचा प्रत्येक दिवस नियमाने बांधलेला होता. सोमवारी किनारी साधनांचा सराव व सर्व सामग्रीची तपासणी, मंगळवारी नौकेचा सराव, बुधवारी निशाणांची सांकेतिक भाषा, गुरुवारी पुन्हा किनारी साधनांची कवायत, शुक्रवारी बुडालेल्या माणसास शुद्धीवर आणण्याचा अभ्यास व शनिवारी केंद्राची साफसफाई असे. किनारी साधनांच्या कवायतीसाठी प्रत्येक केंद्राजवळ जहाजाच्या डोलकाठीसारखा एक खांब रोवलेला असे. सु. ७० मी. अंतरावरून त्यावर दोर फेकून, सर्व जोडणी करून एका माणसाला खांबावरून खाली आणावयाचे, हे काम हंगाम सुरू झाल्यावर महिनाभरात पथकास पाच मिनिटांच्या आत जमले पाहिजे, असा दंडक होता. न जमल्यास पथकाने सरावात हयगय केली, असे मानले जाई.

साधने व बचावाची रीत : जहाज जवळ असून समुद्र फारच खवळलेला असल्यास दोराची पद्धत वापरीत. तिच्यातील मुख्य साधन म्हणजे लाइल तोफ. अमेरिकन सैन्यातील डेव्हिड लाइल या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास ती तयार केली. ही लहानशी काशाची तोफ दोघाचौघांना उचलता येत असे. तिच्यातून सु. ८ किग्रॅ. वजनाचा लांबट गोळा उडविला जाई. गोळ्याच्या दांड्याचे टोक तोफेच्या तोंडाबाहेर राही व त्यास दोर बांधीत. त्यामुळे दारूच्या ज्वाळेने दोर जळत नसे. गोळा उडताच तो हवेत उलटा फिरे व दोर त्याच्यामागून ओढला जाई. परिस्थिती अनुकूल असल्यास हा दोर सु. ६०० मी.पर्यंत जाई. उडताना दोर गुंतू नये, म्हणून तो खुंट्या असलेल्या पेटीत ठराविक रीतीने नागमोडी गुंडाळून ठेवीत. दोराला एकच गाठ पडली, तरी नेम फुकट जाई. म्हणून दोर गुंडाळण्याच्या कामास तोफ डागण्याइतकेच महत्त्व होते.

गोळ्याचा बारीक दोर जहाजाच्या दोरखंडांवर पडला, की जहाजावरील माणसे तो ओढून घेत. त्याच्यामागून कप्पी व तीतून ओवलेला दुहेरी दोर जाई. कप्पीबरोबर एक लाकडी पाटी असे व तीवर कप्पी कोठे व कशी बांधावी, याच्या सूचना इंग्रजी व फ्रेंच या भाषांत लिहिलेल्या असत. त्यानंतर जाड दोरखंड पाठवून तो डोलकाठीवर कप्पीच्या वर बांधावयास लावीत. किनाऱ्याकडील टोक लाकडी कैचीवरून उंच घेऊन वाळूत पुरलेल्या नांगराला ताणून बांधीत. या दोरखंडावरून ‘ब्रीचेस बॉय’ म्हणजे खाली आखूड विजार शिवलेला गोल बोया मागेपुढे ओढला जाई. जहाजावरील माणसाने विजारीत पाय घालून बसावयाचे व किनाऱ्यावरील पथकाने त्यास ओढून घ्यावयाचे, अशी ही रीत होती. एका वेळी एकच माणूस आणता येई. स्त्रिया, मुले व जखमी यांच्यासाठी, किंवा माणसे पुष्कळ असतील तेव्हा, बंद लाइफ-कार वापरीत.

जहाज दूर असल्यास नौकेशिवाय इलाज नसे. ही ‘सर्फबोट’ हलकी, दोन्ही टोकांस निमुळती व सु. ८ मी. लांब असून ती गाडीवरून पाण्यापर्यंत नेता येई. नौका लाटांतून बाहेर काढणे जितके कठीण, तितकेच ती परत किनाऱ्याला लावणेही कठीण. कारण मागून येणाऱ्या लाटेने ती आडवी होऊन उलटण्याचा धोका असे.

उल्लेखनीय बचावकार्ये : चिकामाकॉमिकोच्या पथकाची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. १६ ऑगस्ट १९१८ रोजी दुपारी ‘मिर्लो’ या ब्रिटिश तेलवाहू जहाजावर केंद्रासमोरील समुद्रात स्फोट झाला. यू-११७ या जर्मन पाणबुडीने पेरलेला सुरुंग वा तिने सोडलेला पाणतीर हे त्याचे कारण मानले जाते. जहाजातील तेल पाण्यावर पसरून पेटले. मनोऱ्यावरील पहारेकऱ्याने स्फोट पाहताच केंद्रप्रमुख जॉन ॲलन मिजेट याने पाच सहकाऱ्यांसह १०४६ क्रमांकाची मोटार बसविलेली सर्फबोट बाहेर काढली. किनाऱ्यावरील लाटांनी तिला पुनःपुन्हा मागे लोटले. अखेर ती बाहेर पडली, तेव्हा जहाजाच्या कप्तानाची सतरा माणसांची नौका प्रथम भेटली. आगीच्या आत आणखी माणसे असल्याचे तिच्यावरून कळले. मिजेटने ज्वाळांमधील मोकळ्या जागेतून नौका आत नेली आणि उलटलेल्या नौकेला धरून राहिलेल्या सहा जणांना उचलले. पेट घेतलेल्या तेलाखाली पुनःपुन्हा बुडी मारून ते जिवंत राहिले होते. त्यानंतर वाऱ्याबरोबर वाहत गेलेली एकोणीस माणसांची तिसरी नौका शोधून काढण्यात आली. अशा रीतीने ४२ जणांचे प्राण वाचले. रात्री काळोखात सर्वांना लाटांतून किनाऱ्यावर उतरविण्यात आले. या कामगिरीबद्दल ब्रिटिश शासनाने १९२१ मध्ये सहाही जणांना सुवर्णपदके दिली. १९३० मध्ये त्यांना अमेरिकन सन्मानही मिळाला. सहांपैकी पाच जण मिजेट आडनावाचे होते. या घराण्यातील अनेक पिढ्या या किनाऱ्यावरील जीवरक्षणात होत्या. अमेरिकन तटरक्षक दलाने आपल्या दोन जहाजांना ‘मिजेट’ हे नाव दिलेले आहे.

शेजारच्या केंद्रांचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. दक्षिणेकडील गल शोल केंद्राचा नावाडी रास्मस मिजेट हा १८ ऑगस्ट १८९९ रोजी चक्रीवादळात एकटा गस्तीवर असताना त्याला ‘प्रिसिला’ हे जहाज फुटलेले आढळले. मदतीसाठी परत जाण्यात वेळ गेला असता. म्हणून दोन लाटांमधील अवधी साधून तो पुनःपुन्हा पाण्यात शिरला व त्याने एकट्याने दहा माणसे बाहेर काढली. उत्तरेकडील पी आयलंड केंद्रावर १८८० मध्ये रिचर्ड एथरिज या कृष्णवर्णीयाची केंद्रप्रमुख म्हणून नेमणूक झाली. गुलामीत जन्मलेला व यादवी युद्धात सैनिक म्हणून लढलेला एथरिज हा या पदावरील पहिला कृष्णवर्णीय होय. त्याच्या हाताखाली काम करण्यास गोऱ्यांची तयारी नसल्याने त्याचे सर्व पथक कृष्णवर्णीयांचे झाले. नेमणुकीनंतर थोड्याच दिवसांत केंद्राची इमारत जाळण्यात आली असावी, असा संशय आहे. एथरिजने केंद्र पुन्हा उभे केले व कडक शिस्तीमुळे त्याचे पथक किनाऱ्यावरील उत्तम पथकांपैकी एक गणले जाऊ लागले. ११ ऑक्टोबर १८९६ रोजी ‘ई. एस. न्यूमन’ हे जहाज किनाऱ्याजवळ फुटले, तेव्हा भरतीच्या पाण्याने किनारा झाकला गेल्यामुळे तोफ लावण्यास जागाच नव्हती. दोन-दोन नावाडी अंगाला दोर बांधून पोहत गेले व त्यांनी एक-एक करून नऊही माणसे आणली. त्यांत कप्तानाची पत्नी व तीन वर्षांचा मुलगा होता. त्या पथकास सुवर्णपदक मिळाले ते १९९६ मध्ये, घटनेनंतर शंभर वर्षांनी. पी आयलंड केंद्र १९४७ मध्ये बंद झाले. त्याचे जुने स्वयंपाकघर मँटिओ येथे संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.

वास्तू व संग्रह : चिकामाकॉमिको केंद्राचा परिसर पाहताना या सेवेच्या वाढीचे टप्पे इमारतींच्या रूपाने समोर येतात. १८७४ ची मूळ इमारत लाकडी असून तिचे छप्पर उतरते व त्याच्या टोकांशी नक्षीदार आधार आहेत. तिच्या तळमजल्यावर नौका व साधनांची गाडी ठेवीत आणि वर माणसांच्या निजण्याची सोय होती. नौकेचे दार रुंद आहे. कारण वर्दी मिळताच पहिले पाऊल नौका वा गाडी बाहेर ओढण्याचे असे. १९११ मध्ये अधिक प्रशस्त अशी नवी इमारत बांधण्यात आली व जुनीचा उपयोग नौकाघर म्हणून होऊ लागला. नव्या इमारतीत केंद्रप्रमुखाची खोली, भोजनगृह, शयनगृह व टेहळणीचा मनोरा आहे. स्वयंपाकघरे मुख्य इमारतींपासून वेगळी बांधलेली आहेत. पिण्याचे पाणी छपरावरून टाक्यांत साठवीत असत. १९०७ मध्ये बांधलेले मिजेट घराण्यातील एक घर आवारात आणून ठेवले असून त्यावरून नावाड्यांच्या कौटुंबिक जीवनाची कल्पना येते.

संग्रहात लाइल तोफ, खुंट्यांची पेटी, साधनांची गाडी, ब्रीचेस बॉय, गणवेश व फुटलेल्या जहाजांचे अवशेष आहेत. मिर्लोच्या बचावात वापरलेली १०४६ क्रमांकाची मूळ सर्फबोट हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. नौका प्रत्यक्ष पाहिल्यावर तिचा लहानपणा प्रथम लक्षात येतो. सहा नावाडी आणि जहाजावरून उचललेली माणसे एवढ्या जागेत बसून जळत्या समुद्रातून परत आली, हे वर्णन वाचून नीट उमगत नाही. तिच्या शेजारी उभे राहिल्यावर ते उमगते.

केंद्र बंद झाल्यावर त्याच्या इमारती ओस पडून खराब होऊ लागल्या. १९७४ मध्ये स्थानिक रहिवाशांनी चिकामाकॉमिको ऐतिहासिक मंडळ स्थापन करून दुरुस्तीचे काम हाती घेतले. १९७६ मध्ये केंद्राची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. संग्रहालयाचा खर्च मुख्यतः प्रवेशशुल्क व देणग्या यांतून भागविला जातो.

कवायतीचे प्रात्यक्षिक : उन्हाळी हंगामात येथे किनारी साधनांच्या कवायतीचे प्रात्यक्षिक करण्यात येते. जुन्या वेळापत्रकास अनुसरून ते गुरुवारी करण्याची प्रथा आहे. जुन्या गणवेशातील पथक साधनांची गाडी वाळूतून ओढून आणते, नांगर पुरते, तोफ डागून खांबावर दोर टाकते, कैची उभारते आणि ब्रीचेस बॉयमधून एका माणसास खाली आणते. प्रत्येकाची जागा, त्याने उचलावयाची वस्तू व हुकुमाचा शब्द ठरलेला असतो. काचेच्या कपाटात मांडलेली कप्पी वा लाकडी कैची पाहून तिचा उपयोग सहसा लक्षात येत नाही. या प्रात्यक्षिकात मात्र प्रत्येक वस्तू तिच्या क्रमाने व तिच्या माणसाच्या हातात दिसते. काळोख, पाऊस, बधिर झालेली बोटे आणि समोर मोडत असलेले जहाज अशा स्थितीतही तीच हालचाल चुकू नये, यासाठी ती दर आठवड्याला वर्षानुवर्षे करवून घेतली जाई, हेही त्यातून स्पष्ट होते. मॅसॅचूसेट्समधील पॉइंट ॲलर्टन केंद्राचा विख्यात प्रमुख जोशुआ जेम्स हा वयाच्या ७५ व्या वर्षी, १९ मार्च १९०२ रोजी, नौकेचा सराव संपवून वाळूवर उतरताच मरण पावला. दोन दिवसांपूर्वी मॉनॉमॉय येथे सात नावाडी बुडाल्याची वार्ता आली होती, आणि म्हणून त्याने त्या वादळी हवेतही सराव घेतला होता. त्याचे केंद्रही आज संग्रहालय आहे. त्याच राज्यातील ओल्ड हार्बर केंद्राची इमारत १८९७ मधील असून समुद्र जवळ आल्यामुळे ती तराफ्यावरून प्रॉव्हिन्सटाउन येथे हलवावी लागली.

सद्यःस्थिती : बिनतारी संदेशवहन, मोटारनौका व पुढे हेलिकॉप्टर यांमुळे किनाऱ्यावरील गस्त व दोराची पद्धत मागे पडली. शिडाची जहाजे गेल्यामुळे दांड्यांवर चढणाऱ्या जहाजांची संख्याही घटली. आता धोका आहे तो खुद्द किनाऱ्यास. वाळूची बेटे स्वभावतःच सरकत असतात. समुद्राची पातळी वाढू लागल्यापासून हॅटरस बेटाची झीज अधिक जाणवते. हॅटरस भूशिरावरील प्रसिद्ध ⇨दीपगृह १९९९ मध्ये सु. ८८० मी. आत हलविण्यात आले. २०२० नंतर रोडँथी येथील समुद्राकाठची अनेक घरे लाटांत कोसळली. मे २०२२ मध्ये एकाच दिवशी दोन घरे पडली. गावाकडे येणारा एकमेव महामार्ग वादळात वारंवार तुटत असल्याने त्याचा धोक्याचा भाग टाळून जाणारा सु. ४ किमी. लांबीचा पूल पॅम्लिको साउंडच्या बाजूने बांधण्यात आला व तो जुलै २०२२ मध्ये खुला झाला.

संग्रहालय वसंत ऋतूपासून शरद ऋतूच्या अखेरीपर्यंत खुले असते व हिवाळ्यात बंद राहते. १८७४ मधील व्यवस्थेत याच्या नेमके उलट होते. तेव्हा केंद्र फक्त हिवाळ्यात उघडत असे, आणि नोव्हेंबरातील एका पहाटे जवळचे केंद्र उघडे नसल्याने ह्युरॉनवरील ९८ माणसे किनारा दिसत असताना बुडाली. आउटर बँक्सवरील केंद्रांच्या इतिहासात या घटनेचे स्थान महत्त्वाचे आहे. इमारत, नौका व तोफ ही एकदाच खरेदी करता येतात. त्यांचा उपयोग करणारी सज्ज माणसे मात्र रोजच्या सरावाने व वर्षभराच्या खर्चानेच तयार ठेवावी लागतात, हा धडा त्यातून मिळाला व पुढील तटरक्षक दलाची घडी त्यावरच बसविण्यात आली.